पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

दर जूनमध्ये मला एका प्रकारचे फोन येतात. "नीटला मार्क कमी पडले, मुलगी म्हणते एन्व्हायर्नमेंट घेते. घेऊ द्यावं का?" दर मार्चमध्ये दुसऱ्या प्रकारचे. "मॅडम, प्रोजेक्ट सबमिशनला तीन आठवडे राहिलेत, पाण्याचे सॅम्पल कुठून आणू?"

दोन्ही फोनांमागे एकच चूक असते, ती म्हणजे कामं उलट्या क्रमाने झालेली असतात. आधी प्रवेश घेतला, मग चौकशी केली. आधी बाटल्या भरल्या, मग प्रश्न शोधला. म्हणून इथे कामं ज्या क्रमाने व्हायला हवीत त्याच क्रमाने मांडली आहेत. संदर्भ महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा आहे. नियम विद्यापीठागणिक थोडे बदलतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक शेजारी ठेवून वाचा.

सुरुवातीलाच एक सांगते. ही पदवी मोजमापाची आहे. नदीत किती प्राणवायू विरघळलाय, हवेत किती धूळ आहे, एका चौरस मीटरमध्ये किती जातीची झाडं आहेत, हे मोजायचं आणि मोजमाप बरोबर आहे हे दाखवून द्यायचं. निसर्गाची ओढ असेल तर फारच उत्तम, पण ब्युरेट, वही आणि गणित यांचा कंटाळा असेल तर तीन वर्षं जड जातील.

टप्पा १ : नेमकी कोणती पदवी हवी ते ठरवा

'एन्व्हायर्नमेंट' या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र ही विज्ञानाची पदवी आहे. बारावी विज्ञान लागतं आणि बहुतेक महाविद्यालयांत प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. नीटशी तिचा काही संबंध नाही. एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग ही अभियांत्रिकीची शाखा आहे. तिला बारावीत गणित आणि सीईटी किंवा जेईई हवी. सांडपाणी प्रकल्पाच्या टाक्या किती मोठ्या, पंप किती ताकदीचे, हा हिशेब अभियंता करतो. त्या टाकीतून बाहेर पडणारं पाणी कसं आहे आणि त्याचा ओढ्यावर काय परिणाम होतो, हे आपण बघतो. वनशास्त्र, म्हणजे बी.एस्सी. फॉरेस्ट्री, कृषी विद्यापीठांकडे आहे. दापोलीचं वनशास्त्र महाविद्यालय त्यातलंच. तिथली प्रवेशप्रक्रिया वेगळी आणि तारखाही वेगळ्या. चौथी वाट म्हणजे प्रत्येक पदवीत सक्तीचा असणारा पर्यावरण अभ्यासाचा छोटा पेपर. तो पेपर सोपा गेला म्हणून ही पदवी सोपी जाईल असं धरून चालू नका. दोन्हींत फक्त नाव सारखं आहे.

*तपासा:* महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात 'बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र' हा मुख्य विषय आहे की फक्त पहिल्या वर्षापुरता निवडता येणारा विषय? तिसऱ्या वर्षापर्यंत तो तिथेच चालू राहतो का? काही ठिकाणी विद्यार्थी कमी पडले की तिसऱ्या वर्षाची तुकडी सुरूच होत नाही. हा प्रश्न थेट विभागप्रमुखांना विचारा.

टप्पा २ : फॉर्म भरण्याआधी प्रयोगशाळा बघून या

इमारत, मैदान, कॅन्टीन बघायला सगळे जातात. तुम्ही प्रयोगशाळा बघा. परवानगी मागून दहा मिनिटं आत उभे राहिलात तरी पुरेसं आहे. तीन वस्तू शोधा: बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) मोजण्यासाठी ठरावीक तापमान राखणारा इन्क्युबेटर, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) मोजण्याचा रिफ्लक्सचा संच आणि चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा तराजू. आहेत का, आणि चालू आहेत का? इन्क्युबेटरवर धूळ असेल आणि प्लग काढून ठेवलेला असेल तर पुढच्या तीन वर्षांची कल्पना येते.

मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि दोनच गोष्टी विचारा. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती वेळा क्षेत्रभेटीला गेलात? प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने करता की चार-पाच जणांच्या गटात एक करतो आणि बाकीचे रीडिंग उतरवून घेतात? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर निर्णय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. नावाजलेल्या कॉलेजात रीडिंग उतरवून घेण्यापेक्षा तालुक्याच्या कॉलेजात स्वतः टायट्रेशन (ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण टाकून मोजणं) केलेलं बरं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, आणि दुसऱ्या बोर्डातून येत असाल तर मायग्रेशन.

*सावधान:* नॉन-क्रिमीलेअरला मुदत असते. गेल्या वर्षीचा दाखला चालेल असं गृहीत धरून दरवर्षी मुलं अडकतात. निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच तहसीलची कामं सुरू करा.

टप्पा ३ : मायनर विषय विचार करून निवडा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, म्हणून या टप्प्यावर जरा थांबते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला एक मेजर (मुख्य) आणि एक मायनर (जोड) विषय असतो. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांतून मेजर-मायनर ठरतात, काही ठिकाणी सुरुवातीलाच ठरतात. पर्यावरणशास्त्र मेजर ठेवलं की मुलं मायनरला 'जो सोपा जाईल तो' घेतात. तीन वर्षांनी त्याचा फटका बसतो.

भारतीय वन सेवेचं उदाहरण घ्या. या विषयाकडे येणाऱ्या कितीतरी मुलांच्या मनात आयएफएस असतं. त्या परीक्षेच्या पात्रतेत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्राणीशास्त्र यांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. पर्यावरणशास्त्र त्या यादीत नाही. वन सेवेसाठी म्हणून पर्यावरणशास्त्र घेतलं आणि सोबत यादीबाहेरचा विषय ठेवला, तर अर्जाच्या पहिल्याच रकान्यावर गाडी अडते. माझ्याकडे एक मुलगा हे कळल्यावर आला होता. तेव्हा तो सहाव्या सत्रात होता. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नव्हतं.

आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश देणाऱ्या जॅम परीक्षेतही पर्यावरणशास्त्राचा पेपर नाही. तिथे जायचं तर रसायन, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा पेपरांतूनच जावं लागतं. खासगी प्रयोगशाळाही विश्लेषक नेमताना आधी रसायन किती आलंय ते बघतात.

माझा सल्ला असा: पाणी-हवा-प्रदूषणाकडे कल असेल तर रसायनशास्त्र. जंगल-जैवविविधतेकडे असेल तर वनस्पती किंवा प्राणीशास्त्र. भूजल, खाणी, नकाशे यांत रस असेल तर भूशास्त्र. भूगोल चांगला विषय आहे आणि नकाशाकामाला उपयोगी पडतो, पण वरच्या यादीत तो नाही हे माहीत असून घ्या.

*तपासा:* ज्या परीक्षेचं किंवा नोकरीचं स्वप्न आहे तिची मागच्या वर्षीची जाहिरात उघडा आणि 'शैक्षणिक अर्हता' हा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. मगच विषयाच्या फॉर्मवर सही करा.

टप्पा ४ : पहिल्या वर्षात तीन सवयी लावा

पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम परिसंस्था, पोषणसाखळी, प्रदूषणाचे प्रकार असा ओळखीचा वाटतो. त्यामुळे मुलं निवांत राहतात. खरं तर हाच काळ हात बसवायचा आहे.

पहिली सवय द्रावणं स्वतः बनवण्याची. नॉर्मॅलिटी, मोलॅरिटी, पीपीएम यांची गणितं कागदावर येणं आणि एक लिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत द्रावण नेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लॅब असिस्टंट दादांना सांगा, "आज थायोसल्फेट मी बनवते." ते बहुधा खूश होतात, आणि त्यांच्याकडून जे शिकायला मिळतं ते पुस्तकात नसतं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे तर झोपेतही आठवायला हवं.

दुसरी सवय आकड्यांची. सरासरी, प्रमाण विचलन, टी-टेस्ट, सहसंबंध. यापलीकडचं पुढे बघता येईल, पण एवढं पहिल्या वर्षात एक्सेलवर स्वतः करून बघा. एककं पाठ करा आणि लिहिताना गाळू नका. आपल्याकडे हवेतल्या पीएम २.५ ची (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची) २४ तासांची मानक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि पीएम १० ची १००. कोणी 'पीएम २.५ आलं ६० पीपीएम' असं लिहिलं की परीक्षक पुढचं पान उलटत नाही. एक्यूआयचा (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा) आकडा हे एकक नसलेलं निर्देशांकाचं मूल्य आहे. तो मायक्रोग्रॅमच्या जागी टाकू नका.

तिसरी सवय क्षेत्रवहीची. जर्नल सबमिशनसाठी असतं, क्षेत्रवही आपल्यासाठी. पुठ्ठ्याच्या बांधणीची छोटी वही आणि पेन्सिल घ्या. शाई पावसात फुटते, पेन्सिल टिकते. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, गेल्या दोन-तीन दिवसांत पाऊस झाला का, आणि आपण नेमके कुठे उभे होतो ते लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतली ओळ अजून लक्षात आहे: 'सकाळी ७.२०, पुलाच्या खालच्या अंगाला, डावा काठ, पाणी गुडघ्याच्या खाली, साबणाचा फेस, वरच्या बाजूला चार बायका कपडे धूत आहेत.' त्या दिवशी फॉस्फेटचं रीडिंग जास्त का आलं याचं उत्तर त्याच ओळीत होतं.

*सावधान:* चुकलेली नोंद खोडरबराने पुसू नका. एक आडवी रेघ मारा आणि शेजारी बरोबर आकडा लिहा. पुसलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

टप्पा ५ : दुसऱ्या वर्षी बाहेर पडा

आता शिकायचं ते झाडं, नकाशे आणि कायदे.

वनस्पती सर्वेक्षणासाठी चौकट टाकायला, म्हणजे ठरावीक मापाचा चौरस आखून त्यातल्या वनस्पती मोजायला, शिका. गवत आणि छोट्या रोपट्यांसाठी १ मीटर × १ मीटर, झुडपांसाठी ५ × ५, वृक्षांसाठी १० × १०. चुकीची पद्धत म्हणजे जिथे छान फुलं दिसतील तिथे चौकट टाकणं. जागा आधी नकाशावर, यादृच्छिक आकड्यांनी ठरवा, मग तिथे जा. मिळालेली जागा रुक्ष असली तरी तीच. किती चौकटी पुरे? नव्या चौकटीत नवी जात सापडणं जवळपास थांबेपर्यंत. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात काम करायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा. तिला वेळ लागतो. कासच्या पठारावर नाहीतर ठाणे खाडीत 'बघून येतो' म्हणून जाऊन नमुने उचलणं हा अभ्यास नाही, गुन्हा ठरू शकतो. फोटो काढा, पानं तोडू नका.

नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा १० मीटर तपशिलाच्या आणि त्याही मोफत. स्वतःच्या तालुक्याचा जमीनवापर नकाशा बनवून बघा. डेहराडूनची आयआयआरएस संस्था दूरसंवेदनाचे (उपग्रह प्रतिमांवरून अभ्यास करण्याचे) मोफत ऑनलाइन वर्ग घेते. सुट्टीत एक तरी करा.

कायद्यांच्या बाबतीत मुलं गाईडमधून वर्षं पाठ करतात: जल कायदा १९७४, हवा कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६. वर्षं हवीतच, पण त्यापेक्षा एक जनसुनावणी प्रत्यक्ष बघा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीआधी जी सुनावणी लागते ती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. निदान ३० दिवस आधी सूचना निघते आणि प्रकल्पाचा कार्यकारी सारांश मराठीतही मिळतो. तो सारांश आधी वाचून जा. गावकरी काय विचारतात, सल्लागार काय उत्तर देतात, आणि कोणत्या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही, हे वहीत लिहा. आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासणं, म्हणजे काय, हे त्या तीन तासांत जितकं कळतं तितकं सत्रभराच्या नोट्समधून कळत नाही.

टप्पा ६ : प्रकल्पाची आखणी उलट दिशेने करा

सहाव्या सत्रात प्रकल्प असतो, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल. त्या काळात तुम्हाला फक्त हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात मिळते, पावसाळा हातचा गेलेला असतो. नदीचं काम करायचं असेल तर मान्सूनपूर्व, मान्सून आणि मान्सूनोत्तर असे तिन्ही हंगाम हवेत. म्हणून विषय दुसरं वर्ष संपतानाच ठरवा आणि पहिले नमुने मे महिन्यात घ्या.

आखणी या क्रमाने:

१. एक प्रश्न लिहा, एका वाक्यात आणि उत्तर आकड्यात येईल असा. 'मुठा नदीचा अभ्यास' हा प्रश्न नाही. 'खडकवासल्याच्या खाली आणि संगमाजवळ मुठेच्या बीओडीत किती फरक आहे, आणि तो पावसाळ्यात कमी होतो का' हा प्रश्न आहे.

२. तुलनेची जागा ठरवा. प्रदूषणाच्या जागेच्या वरच्या अंगाला एक ठिकाण हवंच. ते नसेल तर खालचा आकडा कशाशी ताडणार?

३. मोजायचे घटक कमी करा. मुलं वीस घटकांची यादी आणतात. पाच घटक तीन-तीन वेळा मोजा. एकदाच मोजलेले वीस घटक काहीच सिद्ध करत नाहीत.

४. कॅलेंडर समोर घ्या. माझ्या स्वतःच्या पदवीच्या वेळी आम्ही शनिवारी दुपारी नमुने आणले. कॉलेजची प्रयोगशाळा बंद झालेली होती, बाटल्या सोमवारपर्यंत खोलीवर तशाच राहिल्या. आलेले बीओडीचे सगळे आकडे टाकून द्यावे लागले आणि त्या हंगामाचे नमुने पुन्हा मिळाले नाहीत. बीओडीची बाटली इन्क्युबेटरमध्ये काही दिवस ठेवून मग मोजायची असते. ती २७ अंशांवर तीन दिवस ठेवणार असाल तर सोमवार, मंगळवार किंवा बुधवारी लावा, म्हणजे वाचन गुरुवार ते शनिवार येतं. गुरुवारी लावलात तर रविवार येतो आणि कुलूप दिसतं. २० अंशांवर पाच दिवस ठेवणार असाल तर मंगळवार टाळा.

*सावधान:* नदीवर एकटं जाऊ नका. धरणातून विसर्ग सुरू असेल त्या दिवशी काठावर उतरू नका. पायाला जखम असेल तर सांडपाण्यात पाय घालू नका. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच उतरा.

टप्पा ७ : एक नमुना, बाटलीपासून आकड्यापर्यंत

विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, विंकलर पद्धतीने मोजण्याची चाचणी सगळे करतात आणि निम्मे चुकतात. म्हणून ती सविस्तर.

निघण्याआधी ३०० मिलीच्या काचेच्या बीओडी बाटल्या, दोन अभिकर्मकं (चाचणीची रसायनं), वेगवेगळी पिपेट, तापमापी आणि पीएच मीटर घ्या. बर्फाची पेटी लागेल. लेबल घरीच चिकटवा, ओल्या बाटलीवर ते बसत नाही.

काठाशी साचलेलं पाणी घेऊ नका, वाहत्या धारेतलं घ्या. प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून उभे राहा, म्हणजे तुमच्या पायांनी उठलेला गाळ मागे जाईल. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा. मग ती पाण्याखाली तिरकी धरून हळूहळू भरू द्या. बुडबुड्यांचा आवाज आला तर हवा मिसळतेय असं समजा, ओतून पुन्हा भरा. बूच पाण्याखालीच लावा, बाहेर काढून उलटी करा आणि उजेडाकडे धरा. बाजरीच्या दाण्याएवढा बुडबुडा दिसला तरी पुन्हा भरा. तापमान आणि पीएच तिथेच मोजा. प्रयोगशाळेत मोजलेलं तापमान बाटलीचं असतं, नदीचं नव्हे.

आता काठावरच डीओ 'फिक्स' करा, म्हणजे तो आहे तेवढाच रोखून धरा. बूच काढून २ मिली मँगनस सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली हवं. वरून थेंब टाकले की सोबत हवा जाते. बूच लावून बाटली पुन्हापुन्हा उलटीसुलटी करा. तपकिरी साका (गाळासारखा थर) तयार होतो आणि सावकाश खाली बसायला लागतो. साका जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. तो पांढरा राहिला तर पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. भर शहरातल्या नाल्याशी असा पांढरा साका पहिल्यांदा बघितलेली मुलं गप्प होतात.

साका अर्ध्यापर्यंत बसला की पुन्हा एकदा हलवा. परत बसू द्या. मग २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. साका विरघळून द्रावण सोनेरी-पिवळं होतं. अशी बाटली अंधारात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत नेता येते.

२०० मिली द्रावण घ्या आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन सुरू करा. रंग फिकट गवतासारखा झाला की मगच स्टार्च टाका. निळा रंग येईल. निळा जाऊन पहिल्यांदा रंगहीन झालं की थांबा. काही मिनिटांनी निळा परत आला तर दुर्लक्ष करा, पुन्हा थेंब टाकू नका. या मापात १ मिली थायोसल्फेट म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति लिटर डीओ.

नेहमीच्या चुका अशा: स्टार्च सुरुवातीलाच टाकणं, महिन्यापूर्वीचं थायोसल्फेट पुन्हा प्रमाणित न करता वापरणं (ते हळूहळू कमकुवत होतं), आणि एकाच बाटलीवर समाधान मानणं. प्रत्येक ठिकाणी तीन बाटल्या घ्या.

*तपासा:* २५ अंशांना गोड्या पाण्यात संपृक्त डीओ (पाण्यात मावेल तेवढा) साधारण ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर असतो, ३० अंशांना साधारण ७.६. तुमचा आकडा याहून बराच जास्त आला तर लगेच चूक मानू नका. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात भर दुपारी तो खरोखर जास्त असतो आणि त्याच तळ्यात पहाटे फार खाली जातो. म्हणूनच वहीत वेळ लिहायची. शेवाळ नव्हतं आणि वेळ पहाटेची होती, तर मात्र बाटलीत हवा शिरली असं समजा.

बीओडीसाठी सांडपाण्याचा नमुना पातळ करावा लागतो. समजा ३०० मिलीच्या बाटलीत ६ मिली नमुना घातला, सुरुवातीचा डीओ ८.० होता आणि शेवटी ४.४ उरला. (८.० − ४.४) × ३०० ÷ ६ = १८० मिलिग्रॅम प्रति लिटर. हा आकडा ग्राह्य, कारण निदान २ मिलिग्रॅम प्राणवायू खर्च झाला आणि निदान १ शिल्लक राहिला. शेवटचा डीओ शून्य आला तर 'बीओडी खूप जास्त' असं लिहू नका. तिथे बीओडी मोजलाच गेलेला नाही. म्हणून एकाच नमुन्याची दोन-तीन वेगवेगळी विरलनं लावा.

इतर घटकांना वेगवेगळ्या बाटल्या लागतात. जड धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक, दोन्हींत पीएच २ च्या खाली. जिवाणू चाचणीची बाटली निर्जंतुक असते, ती विसळायची नाही. सगळ्यांना एकच प्लॅस्टिकची पाण्याची बाटली वापरणाऱ्यांचे आकडे छापण्याजोगे नसतात.

टप्पा ८ : अहवाल लिहिताना

आधी तक्ते आणि आलेख करा, मग निष्कर्ष, मग पद्धती आणि सर्वांत शेवटी प्रस्तावना. मुलं प्रस्तावनेपासून सुरुवात करतात, तिथे वीस पानं होतात आणि निष्कर्षाला दोन दिवस उरतात.

मानकांशी तुलना करताना योग्य मानक घ्या. नदीच्या पाण्याला पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० लावणं ही फार वारंवार होणारी चूक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वापरानुसार असलेल्या वर्गांशी ताडा. आंघोळीयोग्य 'बी' वर्गाला डीओ किमान ५ आणि बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम प्रति लिटर लागतो.

व्हायवाला एक्स्टर्नल बहुतेक वेळा एकच प्रश्न फिरवून विचारतात: "हा आकडा बरोबर आहे कशावरून?" तीन बाटल्यांचं विचलन, ब्लँकचं (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेल्या चाचणीचं) रीडिंग आणि क्षेत्रवही पुढे ठेवा. न जमलेली गोष्टही सांगा. एखाद्या हंगामाचा एक नमुना फुटला असेल तर तसं लिहा. तिथे आकडा भरू नका. मनाने भरलेला आकडा अनुभवी माणसाला लगेच कळतो, कारण तो जरा जास्तच नीटस असतो.

टप्पा ९ : पुढचे अर्ज पाचव्या सत्रातच

चौथं वर्ष करायचं का, हे आधी ठरवा. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा ७.५ सीजीपीए लागतो. सहाव्या सत्रात तो गाठायला निघालात तर उशीर झालेला असतो. चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षाची होते. विद्यापीठ तसा अभ्यासक्रम प्रत्यक्षात चालवतं का, तेवढं विचारून घ्या.

तिसऱ्या वर्षात असताना गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा देता येते, आणि त्यात २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. परिसंस्थाशास्त्र व उत्क्रांतीचाही वेगळा पेपर आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा लागते. पुणे, कोल्हापूर, जळगाव, सोलापूर इथल्या विद्यापीठांत पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे. त्यांच्या तारखा एकमेकांत गुंततात, म्हणून एका कागदावर सगळ्या लिहून भिंतीवर लावा.

इंटर्नशिपसाठी नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था किंवा गोव्यातली दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था अशा ठिकाणी अर्ज करताना विभागप्रमुखांचं पत्र आणि एका पानाचा अर्ज पुरतो. त्या पानावर 'मला पर्यावरणाची आवड आहे' असं लिहू नका. 'विंकलर पद्धतीने डीओ, तीन विरलनांत बीओडी, क्यूजीआयएसवर जमीनवापर नकाशा, एवढं मी स्वतः केलं आहे' असं लिहा, आणि क्षेत्रवहीतल्या दोन पानांचे फोटो जोडा.